मामूचा नॉर्थ

आमच्या मामूला रस्त्यात कोणी विचारलं, "काय, कुठे निघालात?" की तो म्हणायचा, "नॉर्थला." मग तो दूध आणायला निघालेला असो, दाढी करायला निघालेला असो, नाहीतर मिरकरवाड्याला बांगडे बघायला. विचारणारा नवखा असला तर थांबायचा आणि त्याचा अर्धा तास जायचा. जुना असला तर "हो का, बरं बरं" म्हणत पाय उचलायचा. मामूच्या गल्लीत नवखे फारसे उरले नव्हते.

मामू म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ. रत्नागिरीत त्याचं घर आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. मी इथल्याच एका शाळेत भूगोल शिकवते, आणि एवढ्या एका गुन्ह्यापायी मामूने मला आपल्या सफरीची नॅव्हिगेटर नेमलं होतं. नेमताना मला विचारलं नव्हतं. विचारणं हा प्रकार मामूकडे नव्हताच. तो कळवायचा.

तीसेक वर्षं तो आखातात टगवर होता. टग म्हणजे मोठमोठ्या जहाजांना दोरखंड लावून बंदरात ओढत आणणारी ठेंगणी, दणकट बोट. नोकरी संपवून तो कायमचा घरी आला तो दोन सोनेरी नांगर भरलेली पांढरी टोपी डोक्यावर घालून, आणि ती टोपी मग झोपतानाच उतरायची. लोक त्याला कॅप्टन म्हणू लागले. मी कॅप्टन होतो, असं तो स्वतःहून कधी म्हणाला नाही. कोणी कॅप्टन म्हटलं तर दुरुस्तही केलं नाही.

घरी आल्यावर पहिले काही महिने तो नुसता आढ्याकडे बघत बसला. मग एक दिवस मोबाइलवर त्याला कुठल्यातरी थंड मुलखातलं एक म्हातारं गोरं जोडपं दिसलं. गाडीच्या मागे चाकांवरचं घर जोडून ते दोघं वर, वर, उत्तरेकडे चालले होते. वाटेत थांबत होते, अंडी तळून खात होते, बर्फात फोटो काढत होते. मामूने ते सगळे भाग ओळीने पाहिले आणि मामीला हाक मारली.

"ऐक गो. आपण काश्मीरला जायचं. गाडीने. मागे कॅम्पर ओढत."

मामी कोळंबी सोलत होती. ती म्हणाली, "गाडी कोण चालवणार?"

"मी."

"आणि तो डबा कोण ओढणार?"

"मीच. आयुष्यभर दुसरं काय केलंय? हत्तीएवढी जहाजं ओढलीत. ओढण्याचं मला कोणी शिकवू नये."

या बेताच्या मागे एक जुनं वचन होतं, ते मला आईकडून कळलं. लग्नाच्या वर्षी मामूने मामीला सांगितलं होतं की एकदा तुला बर्फ दाखवीन. मामी म्हणाली होती, बर्फ मी हर्णैला मासळीच्या पेट्यांत बघितलाय. मामू म्हणाला, तो नव्हे, वरून पडतो तो. आणि मग तो बोटीवर निघून गेला. त्यानंतर दोन वर्षांतून एकदा, सुट्टी मिळेल तसा, पाहुण्यासारखा यायचा. दुबईला असलेला त्यांचा मुलगा सांगतो की लहानपणी त्याला मामू हा विमानतळावरून येणारा एक चॉकलेटवाला वाटायचा.

कॅम्पर मामूने फायबरच्या होड्या बनवणाऱ्या एका कारागिराकडून करून घेतला. कारागीर आयुष्यात होड्याच बनवत आला होता, त्यामुळे त्याने चाकांवर एक होडी बनवली आणि वर छप्पर ठोकलं. खिडक्या गोल, जहाजासारख्या. तो मामूचा हट्ट. छपराला हवेसाठी झडप ठेवली होती. ऑक्टोबरात एक जोराची सर आली, मामू झडप लावायला विसरला आणि पाणी आत गेलं. गेलं ते गेलंच. होडी बनवणाऱ्याने थेंबभर पाणी पार होणार नाही असं काम केलं होतं आणि ते दोन्ही बाजूंनी चोख होतं. सकाळी दार उघडलं तर मामूची उशी तरंगत बाहेर आली. आम्ही बादल्यांनी पाणी उपसत होतो आणि मामू पायरीवर उभा राहून सांगत होता, "बघितलंत? एक भोक नाही. याला काम म्हणतात."

दर रविवारी जेवणानंतर मीटिंग असायची. मामूच्या बाहेरच्या खोलीत भिंतभर हिंदुस्तानचा नकाशा होता, त्याच्यावर रत्नागिरीपासून श्रीनगरपर्यंत टाचण्या आणि त्यांना गुंडाळलेला लाल दोरा. हजर राहायचं मी, मामीने, आणि जो शेजारी वेळेवर सटकू शकला नसेल त्याने. मामू हातात वेताची काठी घेऊन एकेक टप्पा समजावून द्यायचा. राजस्थानात उन्हात टायरची हवा किती ठेवायची, पंजाबात कोणत्या ढाब्याच्या आवारात वळायला जागा आहे, जम्मूच्या पुढे चहा कुठे प्यायचा. यातल्या एकाही ठिकाणी तो गेलेला नव्हता. तरी मी एकदा म्हटलं की मामू, ही नदी तिथून नाही वाहत, तर तो म्हणाला, "तुझं पुस्तक जुनं असंल."

मीटिंगमध्ये लाल दोरा दर वेळी थोडा सरकायचा आणि रस्ता लांबायचा. कारण मी सांगते. मामूला कॅम्पर मागे घेता येत नव्हता.

मागे काहीतरी जोडलेली गाडी रिव्हर्स करणं सोपं नाही हे मलाही कबूल आहे. चाक डावीकडे फिरवावं तर मागचा डबा उजवीकडे जातो. मामूने आपली जीप मैदानात नेऊन, विटा मांडून सराव केला. मामी मागे उभी राहून "ये, ये, ये, बस" म्हणायची आणि "बस" म्हणेपर्यंत वीट फुटलेली असायची. मग मामू खाली उतरून फुटक्या विटेकडे बघायचा आणि मामीला म्हणायचा, "तू चुकीच्या जागी उभी राहतेस." तिने जागा बदलली. विटा फुटतच राहिल्या. शेवटी एका रविवारी त्याने जाहीर केलं, "ज्याचं प्लॅनिंग चांगलं त्याला रिव्हर्स लागतच नाही. आपण पुढेच जायचं." आणि तेव्हापासून जिथे मागे यावं लागण्याची शंका होती ती गावं नकाशावरून गळत गेली. ताजमहाल गेला तो पार्किंगपायी.

सफरीची सवय व्हावी म्हणून त्याने मामीला आठवडाभर अंगणातल्या कॅम्परमध्ये स्वयंपाक करायला लावला. घराचं दार समोर उघडं, पण आत जायची मनाई. मीठ संपलं तर तसंच खायचं, कारण रस्त्यात घर नसतं. मामी मागच्या दाराने जाऊन ओढणीखाली मीठ घेऊन यायची. कॅम्परमधली शेगडी म्हणजे हातभर फळी. तिथे तिची तारांबळ व्हायची. दुसऱ्याच दिवशी मामूने तिच्या हातातून पळी घेतली. मी दारातून बघत होते. एवढ्याशा जागेत तो माणूस असा काही हलत होता की एक भांडं दुसऱ्याला लागलं नाही. मसाला परतला, भात उतरवला, फळी पुसली, सगळं कंबरेतून वळून, पाय न हलवता. मैदानात विटा फोडणारा हाच का, असं वाटलं. "टगवर असंच असतं," तो म्हणाला, आणि कालवण चाखून स्वतःवरच खूश झाला.

फेब्रुवारीत चाचणी सफर ठरली. मामीचं माहेर हेदवीच्या अलीकडे एका गावात आहे. तिथे जायचं, एक रात्र कॅम्परमध्ये राहायचं, परत यायचं. रत्नागिरीहून तिकडे जायला फेरीबोटीने खाडी ओलांडली की झालं. पण फेरीबोटीत गाड्या रिव्हर्समध्ये चढवाव्या लागतात. म्हणून हा तीस वर्षं बोटीवर राहिलेला माणूस बोट टाळून चिपळूणमार्गे तिप्पट अंतराने निघाला. मी फक्त नकाशा उघडून त्याच्या समोर धरला. तो म्हणाला, "सराव लांबच हवा."

मामी मात्र खुशीत होती. नवा ड्रेस, वर इस्त्रीची ओढणी, मांडीवर माहेरच्या पोरांसाठी नानकटाईचा डबा. तिच्या भावाने सगळ्या वाडीला सांगून ठेवलं होतं की बहीण घर घेऊन येतेय. जेवणाला माणसं बोलावली होती. वाटेभर तिला फोन येत होते आणि ती "आलो, आलो" म्हणत होती.

गुहागर सोडल्यावर रस्ता अरुंद होत गेला. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, म्हणजे दगडांवर दगड रचलेल्या बुटक्या भिंती, आणि मध्ये एकाच गाडीपुरतं डांबर. माहेर अगदी जवळ आलं होतं. एका चढावर आम्ही वळलो आणि समोर एसटी.

दोन्ही गाड्या थांबल्या. एसटीच्या मागे टेम्पो, टेम्पोच्या मागे दोन मोटारसायकली. ड्रायव्हर शांत माणूस होता. त्याने खिडकीतून मान बाहेर काढली.

"काका, मागे घ्या थोडी. मागे बागेच्या फाटकाशी रुंद आहे."

"तुम्ही घ्या," मामू म्हणाला.

"माझ्यामागे टेम्पो आहे. तुमच्यामागे कोणी नाही."

"माझ्यामागे कॅम्पर आहे."

"तोच घ्या म्हणतोय मागे."

मामूने टोपी सारखी केली. मामी न सांगता खाली उतरली आणि मागे जाऊन उभी राहिली. "ये, ये," तिचा आवाज आला. जीप मागे सरकली, कॅम्पर रस्त्यावर आडवा व्हायला लागला. मामूने चाक उलट फिरवलं, तो आणखी आडवा झाला. "बस, बस, बस," मामी ओरडली आणि कॅम्परचा कोपरा गडग्यात घुसला. दोनचार चिरे ढासळले. आता तो पुढेही येईना आणि मागेही जाईना.

एसटीतली माणसं उतरू लागली. मामूही उतरला. त्याने गडगा पाहिला, कॅम्परचा चेपलेला कोपरा पाहिला, जमलेल्या माणसांकडे पाहिलं आणि मग मामीकडे वळला.

"कुठे उभी होतीस? अक्कल आहे का? तीस वर्षं घरात बसून राहिलीस, तुला काय कळणार यातलं?"

 मामीच्या चेहऱ्यावरून काहीतरी पुसून टाकल्यासारखं झालं. माणसं इकडेतिकडे बघू लागली. मामू जीपमध्ये जाऊन बसला आणि त्याने काच वर केली.

बाकीचं काम प्रवाशांनी केलं. कंडक्टरने कॅम्परची कडी सोडवली, दहाबारा जण लागले, कोणी उचललं, कोणी ढकललं, आणि ती चाकांवरची होडी हाताने फिरवून बागेच्या फाटकात नेऊन लावली. मग मामूसकट जीपही ढकलत तिच्या शेजारी नेली. एक कॉलेजचा मुलगा मोबाइलवर सगळं टिपत होता. जीपच्या काचेआड मामू समोर बघत बसला होता, टोपी घालून, दोन्ही हात चाकावर ठेवून, गाडी चालत असल्यासारखा.

तेवढ्यात एसटीतून एक वयस्क गृहस्थ उतरले. ते हर्णैचे होते, लेकीकडे येऊन परत चालले होते. त्यांनी काचेशी वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे, हा तर आमचा भंडारी," ते सगळ्यांना सांगू लागले. "आखातात एकाच टगवर होतो आम्ही. बोटीवर स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात. याच्या हातचं कालवण खाल्लं की घरची आठवण यायची. काय रे, ओळखलंस ना? काच खाली कर की."

मामूने काच खाली केली नाही. ते बिचारे आणखी जरा थांबले, काचेवर टकटक केली आणि मग ओशाळून बसमध्ये जाऊन बसले.

रस्ता मोकळा झाला. मामी जीपशी आली, दार उघडून आपली पिशवी आणि नानकटाईचा डबा घेतला. मला म्हणाली, "तू बस त्याच्याबरोबर. त्याला रस्ता दाखव."

"मामी, माहेर इथे तर आहे. चालत जाऊ आपण."

"जाऊन काय सांगू?"

ती एसटीत चढली. खिडकीतून मला तिचा आवाज ऐकू आला, "एक चिपळूण द्या." आणि बस आमच्या शेजारून निघून गेली.

मी आणि मामू कॅम्पर परत जोडून घरी आलो. संगमेश्वर मागे पडलं. मग मामू म्हणाला, "टगवर माणसं कमी असतात. सगळ्यांना सगळं करावं लागतं. मी वादळात सुकाणू धरलंय." असेलही. मी हो म्हटलं.

मामी बसने त्याच संध्याकाळी घरी पोचली होती. मी तिला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या सुट्टीला आला तेव्हाच कळलं. कांदा चिरताना बघितलं. इतका बारीक कांदा कॅप्टन चिरतो काय?"

"मग कधी बोलली नाहीस?"

"त्याला कॅप्टन व्हायचं होतं. माझं काय जात होतं?" मग म्हणाली, "बायकोला चारचौघांत बोलायचं नव्हतं, एवढंच."

तो व्हिडिओ आठवडाभरात सगळ्या रत्नागिरीत फिरला. त्याच्यावर कोणीतरी लिहिलं होतं, 'नॉर्थचे प्रवासी गुहागरात मुक्कामी.' नाक्यावरची पोरं मामूला विचारू लागली, "कॅप्टन, आज काय शिजवलंत?" मलाही आधी हसू आलं होतं हे खरं. पण मग मामू बदलला. टोपी खुंटीवर गेली. कॅम्परवर ताडपत्री पडली. रविवारी जेवण झालं की तो आडवा व्हायचा. एकदा मी त्याला वाटेत विचारलं, "मामू, कुठे निघालास?" आणि तो म्हणाला, "दुधाला."

एप्रिलमध्ये मामी माझ्याकडे आली. "मला बर्फ बघायचाय. मे महिन्यात तुला सुट्टी असते ना? तू चल."

"आणि मामू?"

"त्याला विचारलं. म्हणाला, मी काय पार्सल आहे, डब्यात घालून पाठवायला? तुम्ही जा."

मुलाने दुबईहून तिकिटं काढली. दिल्लीपर्यंत रेल्वे, पुढे विमान. मामू आम्हाला स्टेशनवर सोडायला आला. गाडी सुटताना त्याने एकही सूचना दिली नाही, आणि मामी कल्याणपर्यंत त्याबद्दलच बोलत राहिली. "आजारी तर नसंल गो? पाणी बाटलीतलं प्या, एवढंसुद्धा म्हणाला नाय."

बर्फ आम्ही पाहिला. श्रीनगरहून वर डोंगरात गेलो तर मे महिन्यातही गुडघाभर होता. मामीने भाड्याचे बूट आणि दहा जणींच्या घामाचा वास येणारा भाड्याचा कोट घातला होता. तिने मूठभर बर्फ उचलून जिभेवर ठेवला. "याला चवच नाय," ती म्हणाली आणि पोरीसारखी हसली. मग आम्ही उतारावर बसून घसरलो, दोनदा. मी तिचे पुष्कळ फोटो काढले. दमून बसल्यावर ती एका घोडेवाल्याकडे बघत राहिली. "तो असता तर या माणसाला आतापर्यंत टग म्हणजे काय ते समजावून झालं असतं," ती म्हणाली. नंतर परत येईपर्यंत ती फारशी हसली नाही.

परत आलो त्या दिवशी मामूने जेवण करून ठेवलं होतं. तिसऱ्यांचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, सांदण. घर झाडून लख्ख. बाहेरच्या खोलीत नकाशा नव्हता, भिंतीवर टाचण्यांची भोकं तेवढी राहिली होती. मामी ती भोकं बघत क्षणभर उभी राहिली. मामूने आम्हाला वाढलं, स्वतः वाढून घेतलं आणि खाली मान घालून जेवू लागला. प्रवास कसा झाला, हॉटेल कसं होतं, काही नाही. पार शेवटी, बोटाने ताट निपटताना, त्याने विचारलं.

"बर्फ होता?"

मी बोलायला तोंड उघडलं. मामीने माझ्याकडे न बघता भाकरी तोडली.

"नाय," ती म्हणाली. "वितळून गेलेला. नुसता चिखल."

मामूने मान वर केली. कितीतरी महिन्यांनी मला त्याचे डोळे नीट दिसले.

"मे महिन्यात असणार कसा?" तो म्हणाला. "मे महिन्यात कोण जातं? मला विचारायचं होतं. सीझन बघावा लागतो, प्लॅनिंग करावं लागतं. तुम्ही बसलात आणि गेलात." तो हात धुवायला उठला आणि मोरीतूनही बोलतच राहिला. "मार्चमध्ये निघालं पाहिजे. आणि त्या रस्त्याने नाही. ऐक गो, तू भूगोलाची, तुला सांगतो..."

मी ताटं उचलून मामीच्या मागे स्वयंपाकघरात गेले. "मामी, गुडघाभर बर्फ होता."

"होता," ती म्हणाली. "ते फोटो त्याला दाखवू नकोस."

"तो आता पुन्हा सुरू करील. मीटिंगा, नकाशा, सगळं."

मामीने नळ बंद केला. बाहेर मामूचा आवाज चढला होता. खिडकीतून शेजाऱ्याला गाठून तो त्याला बर्फाचा सीझन समजावून देत होता. ती ओल्या हातांनी तशीच उभी राहून ऐकत होती.

"करू दे," ती म्हणाली. "तीस वर्षं हे घर गप्प होतं गो."